म्यानातला आवाज

सुरी म्यानातून काढताना ‘कुर्र’ असा बारीकसा आवाज आला. पंखा चालू असता तर ऐकूही आला नसता. म्यान शिवून जेमतेम चार दिवस झालेले. चामड्याला अजून मेणाचा वास, टाके एका रेषेत, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. बाहेरून बघणाऱ्याला खोट काढायला जागा नाही. पण सुरी पुन्हा आत सरकवून बाहेर काढली तर तो आवाज पुन्हा आला, तळापासून तीन बोटं वर, नेमका त्याच जागी. म्यानाच्या तोंडातून विजेरीचा प्रकाश आत टाकला तेव्हा दिसलं : टोकाकडच्या दोन टाक्यांचा दोरा पिंजलेला, आणि त्याच्या शेजारी चामड्याची केसासारखी सालपटी उभी राहिलेली. सुरी आपलं घर आतून कुरतडत होती.

धार उत्तम लागली होती, एवढंच त्यातून सिद्ध झालं.

सुरी आणि म्यान ही जोडी आपल्याकडे रोजच्या वापरात तशी नवखीच. मराठी घरातलं पातं म्हणजे विळीचं. पातं जागेवर उभं, भाजी त्याच्याकडे चालत जाते, आणि दोन्ही हात भाजीला मोकळे. विळीला म्यान नसतं, शिस्त असते. काम झालं की आडवी करायची, पातं भिंतीकडे. मोडती असेल तर पाटावर दुमडायची. अंगावर बाळगायचं पातं म्हणावं तर ते पानवाल्या माणसांचं, चंचीतलं. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी, चुन्याची डबी, आणि ह्या सगळ्यांच्या संगतीत अडकित्ता. त्याचे दोन्ही दांडे मिटले की धार आतल्या आत झाकली जाते, त्यामुळे चंचीचं कापड फाटत नाही. ज्या कुणी तो आकार पहिल्यांदा घडवला, त्याने म्यानाचा प्रश्न हत्यारातच सोडवून टाकला होता.

कोकणातल्या माणसाने तो तिसऱ्याच तऱ्हेने सोडवला. कमरेच्या दोरीला मागच्या बाजूला आकडी बांधायची आणि तिच्यात कोयती अडकवायची. मूठ वर, पातं खाली, उघडं. माडावर चढणाऱ्याचे दोन्ही हात खोडाला, कोयती पाठीमागे लटकलेली. वर पोचल्यावर एक हात मागे नेला की मूठ हातात. पातं कशालाच टेकत नाही, म्हणून काही कापतही नाही. पावसात भिजलं तर पाणी निथळून जातं, वारा लागतो, कोरडं होतं. शिवाय आकडीला मापं लागत नाहीत. आज ही कोयती, उद्या शेजाऱ्याची, दोन्ही त्याच आकडीत बसतात. चामड्याच्या म्यानाचं सगळं उलट. ते धार झाकतं म्हणून धारेशी त्याची सतत झटापट. ते पातं कवटाळतं म्हणून ओलही कवटाळतं. आणि ते एकाच सुरीचं होऊन राहतं.

नवी सुरी म्हणाल तर साधी. पातं ८५ मिलिमीटर लांब, २२ रुंद, पाठ अडीच मिलिमीटर जाड. कार्बनचं पोलाद, म्हणजे गंजणारं. मूठ शिसवाची, १०५ मिलिमीटर, चार बोटं पुरती बसतील एवढी. पात्याची शेपटी मुठीत गेलेली आणि तोंडाशी पितळी शेंबी. बाजारात ह्याहून देखण्या सुऱ्या मिळतात. जाड, काळ्या, पाठीवर करवतीचे दात असलेल्या. पण चार मिलिमीटर जाडीच्या पात्याने गाजर कापून बघावं. ते कापलं जात नाही, अर्ध्यावर जाऊन टचकन फुटतं, कारण धार पुढे आणि पाचर मागे. रोजच्या कामाला पातळ पातं लागतं, आणि धारेच्या लगेच मागे तर अर्धा मिलिमीटर जाडी पुष्कळ झाली. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या किंवा फ्रान्समधली सावॉयची मिटणारी ओपिनेल ह्या स्वस्त वस्तू इतकी वर्षं टिकून आहेत त्या ह्याच कारणाने. ओपिनेलची घडी १८९०पासूनची. पातं बोटांवर मिटू नये म्हणून फिरणारं कडं मात्र तिला १९५५ साली मिळालं. मिटणाऱ्या चाकूला म्यान लागत नाही, हा त्याचा मोठाच फायदा. तोटा असा, की बिजागरीत आंब्याचा रस गेला की तो तिथेच मुरतो.

पोलादाबद्दल लोक फार भांडतात. गंज सहजी न धरणाऱ्या पोलादात क्रोमियम निदान साडेदहा टक्के लागतं, आणि समुद्राकाठी राहणाऱ्याने ते घ्यावं, ह्यात वाद नाही. कार्बनच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आत-बाहेर असतो; लोहार ज्या ट्रकच्या कमानपाट्यातून कोयते काढतात, त्यात ०.६ टक्क्याच्या आसपास. कमी कार्बनचं पातं चिवट, आपटलं तरी तुकडा उडत नाही. जास्त कार्बनचं धार जास्त वेळ धरतं. पण ह्या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला पाणी कसं दिलं आहे, म्हणजे तापवून, विझवून कडक कसं केलं आहे. उत्तम पोलाद पाणी देताना बिघडलं तर सुरी शिशासारखी वाकते नाहीतर काचेसारखी तुटते. आणि चांगलं पाणी दिलेली सुरी दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर जोरात दाबली, की ठिणग्यांबरोबर तिचं पाणीही उतरतं. धारेजवळ निळसर झाक दिसली की समजावं, तेवढा भाग मऊ पडला. म्हणून घरचा दगड बरा, संथ आणि ओला.

दगडावर कोन धरायचं गणित सोपं आहे आणि ते कुणी सांगत नाही. दर बाजूला २० अंश हवे असतील तर पात्याच्या रुंदीला ०.३४ने गुणायचं, २२ मिलिमीटरच्या पात्याला साडेसात येतात. पाठ दगडापासून साडेसात मिलिमीटर वर. तेवढ्या जाडीची नाण्यांची चळत पाठीखाली ठेवून एकदा डोळ्याने बघून घ्यावं, मग नाणी काढून टाकावी. मनगट लक्षात ठेवतं. दगडाच्या ४०० नंबरच्या, भरड बाजूवर घासताना दुसऱ्या अंगाला नखाला खरखरीत लागेल असा बर, म्हणजे पोलादाची बारीक वळलेली कड, येतो. तो मुठीपासून टोकापर्यंत अखंड आला नाही तोवर बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथेच फसते. मधलं पोट छान लागतं, टोक बोथट राहतं, आणि मग खापर दगडाच्या नावाने. पुढे १००० नंबरची बारीक बाजू, आणि शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर पाठीकडून दहा-पंधरा हात, म्हणजे बर गळून पडतो.

नवी सुरी पारखायची तर वर्तमानपत्राचा कागद कापून दाखवण्यात अर्थ नाही. तो सगळ्याच नव्या सुऱ्या कापतात. पेरूची फोड, सुतळीचे वीस तुकडे, खोक्याचा पुठ्ठा आडवा आणि उभा, पेन्सिल. पुठ्ठा धारेचा काळ आहे. कागदाच्या लगद्यात बारीक खनिज असतं आणि ते पोलाद झिजवतं. मग कुठलीही ओली फांदी घेऊन सलग पंधरा मिनिटं तासत बसावं आणि तळहात बघावा. जिथे लाल झालं, तिथे मूठ चुकली आहे. बहुधा ती जागा तर्जनीच्या मुळाशी नाहीतर तळहाताच्या टाचेशी असते, कारण मुठीच्या दोन्ही टोकांच्या कडा कारागिराने गोल केलेल्या नसतात. पॉलिशपेपरचा १२० नंबरचा तुकडा, दहा मिनिटं, मग २४०, वर जवसाच्या तेलाचा हात. जवसाच्या तेलाचा बोळा मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप तापतो आणि पेटतोही. पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवून टाकावा.

सुरी अशी आठवड्याभरात आपली होते. म्यानाला जास्त वेळ लागतो.

चामडं निवडतानाच निम्मी लढाई. पर्सा, जाकिटं, मऊ बूट ह्यांचं चामडं क्रोमवर कमावलेलं असतं. ते लोंबतं, आकार धरत नाही, आणि त्यातले क्षार कार्बनच्या पात्याला गंज चढवतात. हवं ते सालीवर कमावलेलं, कोल्हापुरी चपलेच्या जातीचं. बाभळीची साल आणि हिरडा ह्यांत मुरलेलं, दाबलं की वाकतं आणि ओलं केलं की मातीसारखं ऐकतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना. त्या पट्ट्यात कुठेही चामड्याच्या दुकानी विचारलं तर तीन मिलिमीटरचा तुकडा मिळतो. तळाचं म्हशीचं चामडं घेऊ नये. ते फार जाड, दुमडताना वरचा थर तडकतो. तुकडा बोटाभोवती वाकवून बघावा. बाहेरच्या अंगाला सुरकुत्या पडल्या तरी चालेल, भेगा नकोत.

आधी कागद. जाड कागद सुरीच्या पाठीवरून दुमडायचा, सुरी मुठीच्या पहिल्या एक-तृतीयांशापर्यंत आत, आणि भोवती पेन्सिल फिरवायची. पात्याच्या रुंदीत चामड्याच्या वळणाचे ४ मिलिमीटर आणि शिलाईच्या पट्टीचे १० मिळवायचे. २२चे ३६ होतात. मुठीपाशी आकडेमोड करू नये, कागद प्रत्यक्ष मुठीभोवती गुंडाळावा. कागद कापून, दुमडून, टेपने चिकटवून त्यात सुरी घालून बघायची. कंटाळा येतो, पण कागदाला चार आणे पडतात आणि चामड्याला शंभर रुपये. इथली ठरलेली चूक म्हणजे आकार चामड्याच्या उलट्या बाजूवर आखताना कागद पालटायला विसरणं. मग म्यान देखणं होतं, फक्त डावखुऱ्याचं होतं.

आता ती मधली पट्टी, जी चुकली नसती तर हा लेख लिहावा लागला नसता. दोन थर नुसते एकमेकांवर शिवले तर धार सरळ टाक्यांवर बसते. म्हणून दोन थरांच्या मध्ये शिलाईच्या बाजूने चामड्याची तिसरी पट्टी घालतात. ती निदान पात्याइतकी जाड हवी, नाहीतर पात्याचे गाल दोन्ही भिंती घासतात. दहा मिलिमीटर रुंद, आणि आतली कड थेट पात्याच्या पोटाच्या वळणाने कापलेली. चार दिवसांपूर्वीच्या म्यानात पट्टी होती, सरळ होती. पात्याचं पोट टोकाकडे वर वळतं आणि पट्टी वळली नाही, म्हणजे दोघांमध्ये त्रिकोणी पोकळी उरली. सुरी काढताना मनगट नकळत थोडं फिरतं, अंगठा म्यानाच्या तोंडावर रेटा देतो, आणि टोक त्या पोकळीत घुसून पट्टीच्या खालून टाक्यांना शोधून काढतं. दर वेळी अर्धा मिलिमीटर. चार दिवसांत किती वेळा काढली असेल ती मोजायला नको. नवी सुरी उगाचच काढली जाते.

चिकटवायला चांभारांकडचं सोल्यूशन. दोन्ही अंगांना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला नुसतं चिकचिकेल पण येणार नाही इतकं वाळलं की एकदाच दाबायचं. ते सरकवता येत नाही, ज्या जागी बसलं त्या जागी बसलं. मग कडेपासून चार मिलिमीटर आत रेघ, आणि रेघेवर चार-चार मिलिमीटरवर खुणा. ह्याचं खास हत्यार नसेल तर जेवणाच्या टेबलावरचा काटा चालतो. मागचं टोक शेवटच्या खुणेत ठेवून पुढे दाबत जायचं. भोकं आरीने. तीन थर मिळून नऊ मिलिमीटर जाडी होते आणि आरी तिरकी गेली की समोर खुणेच्या भलत्याच बाजूला निघते. पाठीमागची रेघ नागमोडी दिसते ती त्यामुळे. दीड मिलिमीटरच्या ड्रिलने सरळ भोकं पाडण्यात कमीपणा नाही, फक्त खाली लाकूड घट्ट हवं.

दोरा किती घ्यावा, ह्याचं ‘लांबीच्या चौपट’ हे सर्रास सांगितलं जाणारं माप दोन पातळ थरांचं आहे. इथे शिलाई १५० मिलिमीटर, टाके सदतीस. प्रत्येक टाक्याला दोन्ही सुया नऊ मिलिमीटर जाडी ओलांडून चार मिलिमीटर पुढे जातात, म्हणजे सव्वीस मिलिमीटर दोरा. सदतीस वेळा केले की ९६ सेंटीमीटर. सुयांत ओवायला आणि हातात धरायला चाळीस धरा. दीड मीटर घेतला की निर्धास्त. शेवटच्या चार टाक्यांना दोरा संपला की काय वाटतं, ते शब्दांत सांगण्यासारखं नाही. दोऱ्याला मेण चोळायचं, दोन्ही टोकांना बोथट सुया, आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालचा दोरा नुसते एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की सगळी रांग उसवत जाते. दोन सुयांच्या शिलाईत एक दोरा कापला गेला तरी दुसरा त्याच भोकातून धरून असतो. त्या कुरतडलेल्या म्यानाने तोंड वासलं नाही, त्याचं श्रेय एवढ्यालाच. तोंडाशी आणि टोकाशी दोन-दोन टाके उलटे घ्यायचे.

ओलं करून आकार देणं हा सगळ्यात सुखाचा भाग. कोमट पाण्यात म्यान बुडवलं की चामड्यातून बारीक बुडबुडे येतात. ते थांबले की काढायचं. सुरीला आधी तेल, मग स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म घट्ट गुंडाळून टेप, कारण ओलं कमावलेलं चामडं आणि पोलाद भेटले की काळं पडतं, जुन्या शाईसारखं. हिरड्यातल्या टॅनिनचा आणि लोखंडाचा तो जुनाच खेळ. शाई त्यातूनच करत. सुरी आत घालून चमच्याच्या पाठीने मुठीभोवती, शेंबीच्या कडेशी दाबत जायचं. शेंबीच्या मागे पडलेली ती खळगीच पुढे सुरी धरून ठेवते. सुरी लगेच काढून घ्यायची, म्यान सावलीत दिवसभर वाळवायचं. उन्हात किंवा हेअर ड्रायरसमोर घाईने वाळवलं की ते आक्रसतं आणि कडा पापडासारख्या ठिसूळ होतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात ते निराळ्या अर्थाने. पण असं दाबून वाळवलेल्या म्यानात मापाने तीच असलेली दुसरी सुरीही नीट बसत नाही, हे खरं. वाळल्यावर मधमाशीचं मेण एक भाग आणि तेल दोन भाग, पातळ करून बाहेरून. जास्त तेल पाजलं की म्यान मऊ पडतं आणि मग सुरी उलटी धरून झटकली की पायावर येते. झटकून बघायची परीक्षा म्हणूनच गादीवर घ्यावी.

कमरेला लावायच्या फासाबद्दल बाहेरच्या लोकांचं ऐकू नये. ते खुर्चीवर बसतात. पट्ट्याला ताठ बसवलेलं लांब म्यान मांडी घालून बसलं की वरून बरगडीत आणि खालून मांडीत रुततं. फास आणि म्यान ह्यांच्यामध्ये लोखंडी कडी घातली की म्यान झुलतं, बसताना बाजूला होतं. ३८ मिलिमीटरच्या पट्ट्याला आतून ४२ मिलिमीटरचा फास. त्याहून सैल झाला तर सुरी काढताना म्यानही बरोबर वर येतं. टोकाशी तीन-चार मिलिमीटरचं भोक ठेवायचं, पाणी निघून जायला. तेवढीच काय ती आकडीची उसनवारी.

तरी जून ते सप्टेंबर सुरी म्यानात झोपवायची नाही. दिवसा कमरेला, रात्री बाहेर. कैरी कापली की पात्यावर निळा-करडा रंग चढतो. तो गंज नव्हे, तो राहू द्यावा, पुढच्या लाल गंजाला तो थोडा अडवतो. पहिले काही दिवस फोडींना लोखंडाची चव येते, नंतर जाते. पुसून, मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन बोटभर. गोडं तेल नको, महिन्याभरात त्याचा चिकट थर होतो आणि म्यानाच्या आत धूळ धरून बसतो. आणि अशी धूळ बसलेलं म्यान पात्याला पॉलिशपेपरसारखं घासतं, उभे ओरखडे पडतात.

कायद्याचंही एकदा वाचून ठेवावं. शस्त्र कायदा १९५९चा. त्याच्या नियमांत घरगुती आणि शेतीची हत्यारं सोडून नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती परवान्याखाली येतात. साडेतीन इंचांच्या आतली ही सुरी त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७चा मनाई हुकूम लागू असेल तेव्हा सुरी घरी, मेट्रोला आणि विमानाच्या हातातल्या सामानात तर कधीच नाही. उरतं काय, तर शेत, डोंगर, बाग आणि स्वयंपाकघर. तेवढ्याचसाठी ती आहे.

जुन्या तलवारींच्या म्यानांना तोंडाशी आणि टोकाशी धातूची टोपणं असतात, मोहनाळ आणि तैनाळ. संग्रहालयात त्यांच्यावरची नक्षी बघून आपण पुढे जातो. पण म्यान झिजतं तेही ह्याच दोन जागी : आत शिरताना तोंडाशी आणि विसावताना टोकाशी. नक्षी मागाहून आली असणार.

शिलाई उसवली. सदतीस टाके घालायला दोन तास लागले होते, काढायला दहा मिनिटं. जुनी सरळ पट्टी चांभाराच्या रापीने सोलून काढली, नवी पट्टी पातं तिच्यावर ठेवून, पोटाच्या वळणाने कापली, आणि टोकापाशी पाच मिलिमीटर जास्त रुंद ठेवली. भोकं तीच, दोरा नवा, दीड मीटर. आता सुरी आत जाताना शेवटच्या बोटभर अंतरात थोडी अडते आणि शेंबी खळगीत बसताना ‘टक्’ वाजते. आठवड्याने विजेरी आत टाकून पाहिलं. दोरा शाबूत आहे. पट्टीच्या कडेवर, पूर्वी टाके होते त्याच्या बरोबर अलीकडे, एक बारीक रेघ उमटली आहे.